पिठाचा कोंबडा आणि चिंध्यांचा हत्ती



परवा पाठशाळेत येणाऱ्या एका तरुण सुनेने मला विचारले, "काकू, लहान मुलांना तीर्थंकर मातेची सोळा स्वप्ने शिकवायची आहेत. तयार चार्ट कुठे मिळेल?" मी तिला दुकान सांगितले. पण घरी येईपर्यंत मनाला काहीतरी टोचत राहिले, कारण चार्टपेक्षा चांगली वस्तू एकदा माझ्याच घरात होती आणि ती मीच घालवली.

माझ्या आईने सोळा स्वप्नांचे सोळा कापडी चौकोन केले होते, प्रत्येक वीतभर. जुन्या कोटाच्या करड्या अस्तराचा ऐरावत, फाटक्या इरकलीच्या निळ्या कापडाचा समुद्र, लाल परकराच्या तुकड्याचा निर्धूम अग्नी. दोन माशांचे डोळे म्हणजे शर्टाची बटणे. दशलक्षणात दुपारी ती गल्लीतली मुले जमवायची, दोन खुंट्यांना दोरी बांधायची आणि ओवीच्या चालीवर स्वतःचे शब्द घालून एकेक स्वप्न गात दोरीवर अडकवायची. पुढचे स्वप्न कोणते ते पिशवीत हात घालून आम्ही ओळखायचे. सिंहाची आयाळ हाताला लागली की ओरडाच व्हायचा.

२००८ साली आम्ही वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो. कपाटे कमी, सामान जास्त. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. जुन्या कपड्यांच्या बोचक्यात ती पिशवीही गेली आणि बोहारणीने मला झाकणाचा एक स्टीलचा डबा दिला. डबा अजून आहे, त्यात मी रवा ठेवते. मी बी.कॉम. झालेली बाई. घेतले-दिलेले दोन्हीकडे नीट लिहायला शिकलेली. पण हा व्यवहार कोणत्या बाजूला लिहायचा ते मला आजतागायत कळलेले नाही.

ती रुखरुख मनात धरूनच मी या विषयावर वाचत गेले. वाटले होते की चिंध्यांची चित्रे हा आईसारख्या बायकांचा घरगुती उद्योग असेल. पण त्याचा इतिहास आपल्या ग्रंथांइतकाच जुना निघाला.

श्वेतांबर परंपरेतल्या भगवतीसूत्राच्या १५व्या शतकात (तिथे शतक म्हणजे अध्याय) गोशालकाची कथा आहे. हा भगवान महावीरांचा समकालीन. त्याचे वडील मंखली हे 'मंख' होते. मंख म्हणजे हातात चित्रफलक घेऊन गावोगाव फिरणारा, चित्र दाखवून पोट भरणारा माणूस. म्हणजे चित्र हातात धरून लोकांसमोर उभे राहणे हा त्या काळीही एक धंदा होता, आणि त्याला वेगळे नावही होते.

दुसरा दाखला उद्योतनसूरींच्या 'कुवलयमाला' या प्राकृत कथाग्रंथाचा. तो आजच्या राजस्थानातल्या जालोर येथे इ.स. ७७९ मध्ये पूर्ण झाला. आपल्याला त्याचे अप्रूप दोन कारणांनी. एक, त्यात निरनिराळ्या देशांच्या लोकांची वर्णने आहेत आणि त्यांत आपली मराठी बोलणारी माणसेही आहेत. दुसरे, हा ग्रंथ हस्तलिखितांवरून चिकित्सक रीतीने संपादित केला तो आपल्याच भागातल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. सदलग्याला जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे उपाध्ये सर. त्यांची मूळ संहिता १९५९ साली छापून आली.

या कुवलयमालेत संसारचक्राचा एक रंगवलेला पट येतो. जन्म, म्हातारपण, मरण, मनुष्यगती, तिर्यंचगती, नरक, स्वर्ग असे सगळे त्या पटावर काढलेले, आणि ते एकेक दाखवत एका राजपुत्राला संसाराचे स्वरूप समजावले जाते. नुसत्या उपदेशाने जे साधायला वेळ लागेल ते चित्रावर बोट ठेवून साधले. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या पटात आणि आमच्या दोरीवरच्या चौकोनांत फरक आहे तो कारागिरीचा. रीत तीच.

पण खरा खुलासा मला तत्त्वार्थसूत्रात सापडला, आणि गंमत म्हणजे ते सूत्र मी लहानपणापासून पाठ म्हणत होते. पहिल्या अध्यायाचे पाचवे सूत्र नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे चार निक्षेप सांगते. लाकूड, चित्र, फासा अशा वस्तूत 'हा तोच' असे मानणे म्हणजे स्थापना, असे पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत समजावले आहे. पुढे तिचे दोन प्रकार सांगतात. मूळ वस्तूसारखी दिसणारी ती तदाकार, जशी मूर्ती. मुळीच न दिसणारी ती अतदाकार, आणि तिचे नेहमीचे उदाहरण म्हणजे बुद्धिबळाच्या सोंगट्या. त्या लाकडाच्या ठोकळ्याला ना सोंड ना शेपूट, तरी खेळणारा त्याला हत्ती म्हणतो, हत्तीसारखा चालवतो आणि हत्ती मेला की हळहळतो.

मैत्रिणींनो, चार वर्षांचे पोर केरसुणीचा घोडा करून घरभर पळते तेव्हा ते अतदाकार स्थापनाच करत असते. आपण त्याला 'केरसुणी ठेव' म्हणून ओरडतो. शास्त्रकारांनी मात्र त्या क्रियेला नाव दिले आणि ज्ञानाच्या मार्गावर जागा दिली. गोष्टीसाठी केलेली वस्तू हुबेहूब नसली तरी चालते, याला याहून मोठा आधार कोणता हवा?

मात्र जिथे स्थापना आहे तिथे जबाबदारीही आहे. ही बाजू सांगते यशोधर राजाची कथा. हिंसा नको म्हणणाऱ्या यशोधराला त्याच्या आईने, चंद्रमतीने, गळ घातली की निदान पिठाचा कोंबडा तरी देवीला बळी दे. त्याने दिला. कोंबडा पिठाचा होता, रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी मारण्याचा भाव खरा होता, आणि त्यापायी आई व मुलगा दोघांनाही जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावे लागले. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलकचंपू'त ही कथा विस्ताराने लिहिली, जन्न कवीने १२०९ मध्ये कानडीत सांगितली, आणि जुन्या मराठीतल्या जैन कवींनीही ती गायिली. म्हणून तर आमच्या घरी कणकेचे प्राणी करून मोडायला किंवा साखरेचा हत्ती कडाकडा चावायला आई देत नसे. "हत्ती म्हटलास ना? मग तो हत्ती," एवढेच म्हणायची.

आपल्या महाराष्ट्रात चित्र दाखवून गोष्ट गाण्याची परंपरा ज्यांनी जिवंत ठेवली ते सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी. त्यांच्या एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथीच म्हणतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्र. सांगणारा एकेक चित्र उचलून दाखवतो आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गातो. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. पुढे जुनी चित्रे संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी घेतली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही ती आहेत. गावातल्या काही जणांनी मात्र सांगणे सोडले नाही. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ सालच्या पद्मश्री पुरस्कारांत मान मिळाला. काचेमागचे चित्र सुरक्षित असते यात शंका नाही, पण ते गप्प असते.

आणि बालवाडीचे म्हणाल तर ताराबाई मोडक यांना विसरून चालणार नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, तिथे ताराबाईंनी त्यांच्याबरोबर काम केले. माँटेसरी पद्धत चांगली, पण तिची लाकडी साधने महाग. खेड्यातल्या मुलाला ती कुठून मिळणार? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू अशा आजूबाजूच्या वस्तूंतून साधने केली, आणि गाणी-गोष्टी मुलांच्या बोलण्यातून घेतल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात नेली, ती कुरणशाळा. आज देशभर जो शब्द सरकारी कागदावर दिसतो तो अशा एका अंगणातून आला आहे. पैसे नाहीत म्हणून हातांनी केलेली साधनेच मुलांना जास्त ओळखीची वाटली.

हे सगळे वाचून मागच्या चातुर्मासात मी पुन्हा कापड-कात्री घेऊन बसले. करताना आईच्या काही सवयींचा अर्थ आता लागला. ती चिकटवायची नाही, शिवायची. कारण जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, आणि मैद्याची खळ लावली तर झुरळे येतात. ती येऊ नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे जीव मारायचे, शिवाय मुले वस्तू तोंडात घालतात ते वेगळेच. रेशीम ती घेत नसे, सुतीच. खुळखुळ्यात ज्वारी-तांदूळ भरू द्यायची नाही, पावसाळ्यात पोरकिडे होतात. त्याऐवजी धुतलेले खडे किंवा बटणे. आता मी एवढीच भर घालते की तान्ही मुले असतील तर बटणे पक्की शिवा, आणि खुळखुळ्याचे झाकण दोऱ्याने आवळून टाका.

माझा ऐरावत काही आईसारखा झाला नाही. नातवाने पाहिला आणि विचारले, "आजी, हे पडवळ आहे का?" मी काही न बोलता दोरी बांधली आणि गायला सुरुवात केली. आईचे शब्द अर्धेच आठवतात, उरलेले माझे. रव्याचा डबा रिकामा करून तो त्याच्या हातात दिला, ठेका धरायला. बोहारणीचा तो डबा बरा वाजतो. तीन-चार स्वप्ने झाल्यावर तो उठला आणि पडवळाच्या सोंडेवर रुमाल घातला. म्हणे हत्तीला थंडी वाजते.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली, ती तुम्हाला सांगायला हा लेख. इतकी वर्षे मी स्वतःला बोल लावत होते की मी आईचा हत्ती चिंध्यांत दिला. खरे तर तो त्याआधीच चिंधी झाला होता. आई गेल्यापासून ती पिशवी कोणी उघडलीच नव्हती. माझी मुले लहान होती तेव्हाही नाही. तेव्हा मला ते गावंढळ वाटायचे, आणि तयार पुस्तके मिळत होती. स्थापना कापडात नसते, 'हा तोच' असे म्हणणाऱ्यात असते. म्हणणारे तोंड बंद झाले की उरते ते अस्तर आणि बटणे. आणि गोष्ट सांगणे सोडून नुसती वस्तू जपली असती तर तोही एक परिग्रहच झाला असता. माझी चूक बोहारणीच्या दारात झाली नाही, त्याच्या आधीच्या गप्प वर्षांत झाली.

त्या सुनेला मी फोन करून सांगितले, चार्ट आण, हरकत नाही, पण एक तरी स्वप्न स्वतःच्या हाताने कर. सोळा जमली नाहीत तर चारच कर. (आपल्या श्वेतांबर मैत्रिणींना चौदाच करायची आहेत, त्यांचे काम तेवढे हलके!) वाकडे झाले तर होऊ दे. मुले ते सांभाळून घेतात.

माझी सोळांपैकी सात झाली आहेत. आता समुद्रासाठी निळे सुती कापड शोधते आहे. कोणाकडे जुनी इरकल असेल तर कळवा.