वाचनालय आणि कंठस्थ इतिहास

पुण्याच्या पूर्वेस सोलापूरच्या रस्त्यावर असलेलें हडपसर इतिहासाच्या वाचकांस दोन कारणांनीं परिचित आहे. ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं या भागांत यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या एकत्र सैन्याचा पराभव केला; दुसरे बाजीराव पुणें सोडून गेले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास वसईचा तह झाला. दुसरें कारण आषाढीच्या वारीचें. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्यांचे मार्ग पुणें सोडल्यावर हडपसरास वेगळे होतात; एक पालखी दिवे घाटानें सासवडास जाते, दुसरी लोणी काळभोरास. पहिल्या घटनेचीं साधनें दप्तरांत आहेत. दुसऱ्या परंपरेचा मोठा भाग वारकऱ्यांच्या कंठांत आहे. या दुसऱ्या प्रकारच्या साधनांविषयीं आपल्या वाचनालयांचें कर्तव्य काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

टिपणाचें निमित्त लहान आहे. येथील एका सार्वजनिक वाचनालयानें एका संध्याकाळीं प्रांतांतील कथा, गीतें व आदिवासींचा इतिहास यांचा कार्यक्रम ठेविला होता. प्रस्तुत लेखक श्रोत्यांत होता. प्रथम पोवाडा झाला. नंतर जुन्नरकडील डोंगरांतून आलेल्या एका महादेव कोळी गृहस्थांनीं राघोजी भांगरे यांच्या बंडाची हकीकत, आजीच्या तोंडून ऐकली होती तशी, सांगितली. शेवटीं मुलाकडे राहावयास आलेल्या मुळशीच्या एका वृद्ध बाईंनीं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. १९२१ ते १९२४ या काळांत सत्याग्रह होऊनही मुळशीचें धरण बांधलें गेलें व तेथील गांवें आणि शेतें पाण्याखालीं गेलीं, हें सर्वश्रुत आहे. बाईंच्या ओव्यांत त्या बुडालेल्या शेतांचीं नांवें एकामागून एक येत होतीं. हीं नांवें आपणांस सासूकडून मिळालीं असें त्या म्हणाल्या.

पुढील आठवड्यांत मीं वाचनालयाची इतिवृत्ताची वही मागून पाहिली. तींत अध्यक्षांचें नांव होतें, पाहुण्यांचें नांव होतें, हारांचा व चहाचा खर्च होता, आभारप्रदर्शन होतें. उरलेल्या दोन तासांविषयीं एकच ओळ होती: ‘करमणुकीचा कार्यक्रम झाला.’ चिटणिसांस दोष देण्यापूर्वीं स्वतःचा दोष सांगणें प्राप्त आहे. जन्मभर मुलांना शुद्धलेखन घालणाऱ्या मलाही त्या संध्याकाळीं पेन्सील काढण्याचें सुचलें नाहीं. बाई मुळशीकडे परत गेल्या होत्या. त्यांचें नांव मीं विचारलें नव्हतें, आणि त्या शेतांपैकीं एकाचेंही नांव मला आज खात्रीनें आठवत नाहीं.

हा विसर आपल्या वाचनालयांच्या जुन्या वळणास धरूनच आहे. महाराष्ट्रांत रत्नागिरीचें वाचनालय १८२८ त, नगरचें १८३८ त, नाशिकचें १८४० त, तर कोल्हापूरचें १८५० त निघालें. पुण्याचें वाचनालय, आजचें पुणें नगर वाचन मंदिर, १८४८ त स्थापन झालें. त्यांत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा पुढाकार होता. हीं सर्व गृहें छापील अक्षरासाठीं होतीं, आणि त्या काळीं तें मोठेंच कार्य होतें. १८७५ त न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हां पुण्यांत वाचनाच्या जोडीला सार्वजनिक श्रवणही आलें. परंतु तेथें बोलणारा विद्वान् व ऐकणारा साक्षर, अशीच विभागणी राहिली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानें सरकारमान्य वाचनालयांस अनुदानाचा आधार दिला व खेडोपाडीं तीं वाढलीं. आज त्यांपैकीं कांहीं आपल्या सभागृहांत ओवी, कीर्तन व डोंगरांतील कथा यांस जागा देतात, हें स्वागतार्ह आहे. मात्र जागा दिली, पण नोंद ठेविली नाहीं, तर काम अर्धेंच झालें.

वर उल्लेखिलेलें १८४८ हें वर्ष आणखी एका कारणानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अकोले तालुक्यांतील देवगांवचे राघोजी भांगरे त्या वर्षाच्या आरंभीं पंढरपुरास पकडले गेले व २ मे रोजीं ठाण्यास त्यांना फांशीं देण्यांत आलें. पुण्यांत ग्रंथांस घर मिळालें त्याच वर्षीं ही घटना घडावी, हा केवळ योगायोग आहे. त्यावरून कार्यकारणभाव काढूं नये. परंतु राघोजींचें बंड कागदावर आलें तें बहुतांशीं त्यांना पकडणाऱ्या सरकारच्या हातून, हें मात्र योगायोगाचें नव्हे. तोच प्रकार दिवे घाटापलीकडील पुरंदर तालुक्यांत, भिवडीस जन्मलेल्या उमाजी नाईकांचा. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत फांशीं दिलें आणि पुढल्याच वर्षीं कॅप्टन मॅकिन्टॉश या इंग्रज अधिकाऱ्याचें रामोशांविषयींचें पुस्तक प्रसिद्ध झालें, त्यांत उमाजींचें चरित्र आहे. (रामोशी व महादेव कोळी या दोन भिन्न जमाति आहेत, त्यांपैकीं महादेव कोळी अनुसूचित जमातींत मोडतात, सोयीसाठीं दोहोंची गल्लत करूं नये.) मॅकिन्टॉशचा ग्रंथ टाकाऊ नाहीं, तपशिलाच्या दृष्टीनें तो मोलाचा आहे. परंतु वादीचा अर्ज तेवढा वाचून निकाल देणाऱ्या न्यायाधीशास आपण काय म्हणूं?

यावर असा आक्षेप येईल कीं, कंठस्थ परंपरा विश्वसनीय नसते. तिच्यांत वर्षें सरकतात, एका वीराचें कृत्य दुसऱ्याच्या नांवें जातें, कुलाभिमान मिसळतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केलेला आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत प्रमाणें चारच कीं अधिक, असा वाद आहे. पूर्वपक्षी ऐतिह्य हें निराळें प्रमाण मानूं पाहतो. ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाहीं अशी सांगण्याची परंपरा, असें ऐतिह्याचें लक्षण वात्स्यायनभाष्यांत आहे. सूत्रकारांचें उत्तर असें कीं, ऐतिह्य शब्दाहून निराळें नाहीं. आणि शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. इतिहाससंशोधकास यांतून व्यवहाराचा एक नियम काढतां येतो. वक्त्याचें नांव गेलें कीं तो आप्त आहे कीं नाहीं, हें तपासण्याचा मार्गही बंद होतो. नांव, गांव व कोणाकडून ऐकलें हें लिहून ठेविलें, तर तोच मजकूर दुसऱ्या गांवच्या मजकुराशीं व दप्तरांतील कागदाशीं ताडून पाहतां येतो. परंपरेस ‘नुसती ऐकीव’ करून टाकतो तो पुष्कळदां ऐकणाराच.

नोंदीचें हें काम पूर्वीं कोणी केलेंच नाहीं असें नाहीं. शंकर तुकाराम शाळिग्राम व अ‍ॅक्वर्थ यांनीं १८९१ त ऐतिहासिक पोवाडे छापले, य. न. केळकरांनीं १९२८ त तो मार्ग पुढें नेला. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ या संग्रहांत बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. आमच्या काळांत हेमा राईरकर व गी पॉयतवॅं यांनीं मुळशी, मावळ व अन्य भागांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या बाईचें नांव व गांव ओवीबरोबर नोंदविलें. त्या संग्रहाचें खरें बळ त्या नोंदींत आहे. आदिवासींच्या अभ्यासासाठीं १९६२ पासून पुण्यांतच सरकारी संशोधन संस्था व तिचें संग्रहालय आहे. परदेशाचें उदाहरण द्यावयाचें तर ऑस्ट्रेलियांत तेथील मूळ रहिवाशांच्या अभ्यासासाठीं १९६४ त राष्ट्रीय संस्था निघाली. तेथील ग्रंथालयांत जुनें ध्वनिमुद्रण वा चित्र दाखविण्यापूर्वीं, यांत मृत व्यक्तींचे आवाज किंवा चेहरे असूं शकतील, अशी सूचना देण्याचा प्रघात आहे. ऐकणाऱ्यांच्या सोयीपेक्षां ज्यांचें तें आहे त्यांचा मान आधीं, हें तत्त्व आपणही घेण्यासारखें आहे.

वाचनालयांस माझी सूचना खर्चाची नाहीं. इतिवृत्ताच्या वहींत चार रकाने वाढवावे: सांगणाऱ्याचें किंवा गाणाराचें नांव, मूळ गांव, कोणाकडून शिकलें, आणि मजकुरांत आलेलीं स्थळांचीं व माणसांचीं नांवें. ध्वनिमुद्रण करावयाचें तर आधीं परवानगी घ्यावी व त्याची एक प्रत त्या घरीं द्यावी. ९ ऑगस्टला, १९९४ च्या संयुक्त राष्ट्रसभेच्या ठरावाप्रमाणें, जागतिक आदिवासी दिन असतो आणि १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपालदिन. तीन दिवसांच्या अंतरानें येणाऱ्या या दोन दिवसांचें सूत्र जुळविण्यास याहून सोपा उपक्रम मला दिसत नाहीं.

त्या बाईंचा शोध मीं चालविला आहे. मुळशीच्या बाजूस ज्या वाचकांचें जाणें-येणें असेल त्यांनीं, धरणाखालीं गेलेल्या शेतांच्या ओव्या म्हणणाऱ्या कोणी वृद्ध बाई आढळल्यास, प्रथम त्यांचें नांव लिहून घ्यावें, ओव्या मागाहून.