सौंदर्यमीमांसा, मराठीतील

सौंदर्य, कला आणि रसिकतेचे निकष यांची तात्त्विक चिकित्सा. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेला रसविचार मराठीला वारशाने मिळाला. आधुनिक वादाला मात्र खरे तोंड फोडले ते बा. सी. मर्ढेकरांनी (1909–1956). संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी साधलेली संवेदनांची रचना म्हणजे सौंदर्य, असे त्यांचे प्रतिपादन. ‘सौंदर्य आणि साहित्य’ला 1956 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात कांटच्या आधारे सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली: एक ध्रुव लौकिक जीवनाशी जोडलेला, दुसरा स्वायत्त. प्रस्तुत लेखकाला पाटणकरांची भूमिका अधिक टिकाऊ वाटते.

तिची कसोटी वसईच्या किल्ल्यात घेता येते. छप्पर उडालेल्या चर्चच्या कमानी, भिंतींत घुसलेली मुळे, आत उतरणारे ऊन. नुसत्या आकारांकडे पाहिले तर मर्ढेकरांची लय इथे पुरेपूर सापडते. पण 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेली वसई ठाऊक असली, की तीच भिंत वेगळी दिसते. कुणाला तिथे विजय दिसतो, कुणाला पूर्वजांचे देऊळ. (लग्नापूर्वीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांना यातले काहीच नको असते, त्यांना हवा असतो उजेड.) पडझड सुंदर वाटणे ही रुचीही घडवलेली आहे: अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांनी बागांमध्ये खोटे भग्नावशेष मुद्दाम बांधून घेतले. वसईतले खरे आहेत.