यवत आणि लोहारा : बिऱ्हाड गावात की गावाबाहेर?

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला की मध्यम स्थितीतील कुटुंबापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. गावातील जुन्या वस्तीत दोन खोल्यांत राहावे, की तेवढ्याच भाड्यात गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत अंगणासह घर घ्यावे? या प्रश्नाचा विचार आपण बहुधा भाडे आणि हवा या दोन मापांनी करतो. परंतु आपली शहरे कशी वाढली हे पाहू गेल्यास तिसरेही एक माप आहे असे दिसून येते. आणि कुटुंबाचे सुखदुःख पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते. ते कोणते, याचा यवतमाळ शहराच्या निमित्ताने विचार करावयाचा आहे.

यवतमाळच्या बाबतीत गाव आणि उपनगर यांचे नाते नावापासूनच सुरू होते. अकबराच्या कारकिर्दीतील ‘आईन-इ-अकबरी’त या परगण्याचे नाव ‘यवत-लोहारा’ असे जोडनाव आहे. ‘यवतमाळ’ या नावातील ‘माळ’ हा ‘महाल’ शब्दाचा अपभ्रंश, असे गॅझेटियरकारांचे मत आहे. लोहारा गाव यवतमाळच्या पश्चिमेस अवघ्या दोन-तीन मैलांवर. एके काळी ही दोन गावे जोडीने नांदत होती. पुढे यवताचे शहर झाले, आणि लोहारा त्याच्या वेशीबाहेरचे खेडे म्हणून मागे राहिले.

हे घडले इंग्रजी अमलात. 1864 साली वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पुढे त्यास वणी जिल्हा म्हणत, आणि 1905 पासून तो यवतमाळ जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून वकील, कारकून व शिक्षक आले. कापसाच्या व्यापाराबरोबर अडते, दलाल आणि सरकी काढण्याचे कारखाने आले. तरीही 1901 च्या शिरगणतीत गावाची वस्ती साडेदहा हजारांच्या आसपासच होती. मोठ्या लोहमार्गावरील सर्वांत सोयीचे स्टेशन धामणगाव, तेही 29 मैल दूर. पुढे मूर्तिजापुराहून अरुंद रुळांची गाडी आली खरी. पण ती कापसाच्या गाठी नेण्यासाठी आली होती, चाकरमान्यांना रोज ने-आण करण्यासाठी नव्हे. त्यामुळे ज्याला कचेरीत वा बाजारात काम असे, त्याने पायी जाता येईल एवढ्या अंतरावर राहणे क्रमप्राप्तच होते.

अशा वस्तीत घरे दाटीची, गटारे उघडी आणि उजेड बेताचा. परंतु तिचे एक वैशिष्ट्य सहसा कोणी बोलून दाखवीत नसे. विहीर, दुकान, वैद्य, शाळा, देऊळ आणि अडल्या वेळी धावून येणारी शेजारीण, हे सारे काही शे पावलांच्या आत असे. या सोयींचे भाडे कोणी मोजले नाही. म्हणून त्यांची किंमतही कोणाच्या ध्यानात आली नाही.

ही घडी विसकटली ती प्लेगने. त्या साथीच्या दिवसांत गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याची पाळी महाराष्ट्रात व वऱ्हाडात असंख्य कुटुंबांवर आली, आणि दाट वस्ती म्हणजे मृत्यू ही समजूत मनात खोल रुजली. साथ ओसरली की बहुतेक लोक पुन्हा गावात परतत. मोकळ्या जागी कायमचे राहावयास जाण्याचा योजनापूर्वक प्रयत्न झाला तो मुंबईत. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग प्रथम आढळला; 1898 साली सुधारणा मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले; आणि त्याने दादर-माटुंग्याच्या बाजूस रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या वसाहतींची आखणी केली. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या कुटुंबांपुढे तेव्हा हाच प्रश्न पडला : माणसांची सोबत राखावी की हवा घ्यावी?

दादरची हिंदू कॉलनी आणि पार्ले येथील वसाहती पुढे भरभराटल्या, त्याचे श्रेय केवळ हवेला देता येत नाही. इंडियन एज्युकेशन सोसायटी 1917 साली स्थापन झाली आणि तिची शाळा हिंदू कॉलनीत उभी राहिली. पार्ल्याचे टिळक विद्यालय 1921 सालचे. मुंबईत विजेची गाडी 1925 मध्ये प्रथम कुर्ल्यापर्यंत धावली, आणि 1928 मध्ये पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत. म्हणजे जुन्या वस्तीत जे केवळ जवळिकीने मिळत असे, ते नव्या वसाहतीत संस्था काढून, वर्गणी जमवून आणि सरकारकडे पाठपुरावा करून मिळवावे लागले. ते मिळेपर्यंतचा भार कोणी वाहिला? कमावता पुरुष सकाळी गाडीने गेला की संध्याकाळीच परते. लांबच्या दुकानाचे हेलपाटे, मुलांची ने-आण आणि दुखण्याबाणण्यात एकटेपण हे घरच्या स्त्रीच्या वाट्यास आले. सोबतीवाचून दिवस काढणे वृद्धांच्या वाट्यास आले. भाडे वाचले असे वहीत दिसले, त्याची भरपाई वहीबाहेर होत राहिली.

यवतमाळात हा प्रसंग उशिरा, स्वयंचलित दुचाकी घरोघर झाल्यावर आला. कडेच्या शेतांचे ‘ले-आऊट’ पडले. उमरसरा, वाघापूर, वडगाव व लोहारा ही खेडी वाढत वाढत शहरास येऊन भिडली, आणि पुढे नगरपालिकेच्या हद्दीत आली. लोहाऱ्यात तर औद्योगिक वसाहतही झाली. जुने जोडनाव जणू पुन्हा जुळले. पण घरे आधी आणि सोयी मागाहून, हा क्रम येथेही चुकला नाही. 2018 च्या उन्हाळ्यात शहरास पाणी पुरविणारी निळोणा व चापडोह ही धरणे कोरडी पडली, आणि गावातले व गावाबाहेरचे दोघेही टँकरची वाट पाहू लागले. अंगण मोठे असल्याने कोणाचा हंडा लवकर भरला नाही. टँकर आला तेव्हा घरी कोण आहे, हाच त्या दिवसांतला खरा प्रश्न होता.

जुनी वस्ती श्रेष्ठ आणि नवी कनिष्ठ, असा याचा अर्थ नव्हे. ज्या दाटीतून प्लेगने माणसे नेली तिचे गोडवे गाणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. आणि लहान मुलास उजेड व खेळावयास जागा मिळणे ही चैन नव्हे. सांगावयाचे ते इतकेच की, घर पाहावयास जाताना कमावत्या माणसाच्या दिवसाबरोबर घरी राहणाऱ्याचा दिवसही मोजावा. पाणी किती वाजता येते, शाळा मुलास एकट्याने चालत जाता येईल इतकी जवळ आहे काय, रात्री औषध कोठे मिळेल, दुपारी आजीशी दोन शब्द बोलणारे कोणी आहे काय, हे विचारावे. आणि त्याचे उत्तर ज्याच्या अंगावर ते पडणार आहे त्यानेच द्यावे. आपल्याकडे घर पसंत करावयास बहुधा पुरुष जातात आणि त्या घरात दिवस काढतात स्त्रिया. हा क्रम बदलला, तर गाव की गावाबाहेर या वादाचा निकाल प्रत्येक कुटुंबास आपल्यापुरता लावता येईल.