फसली सनाचे रूपांतर : अहमदपूरचे दप्तर आणि कोबोलमधील दिनगणना

अहमदपूर तालुका 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबादच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. संस्थानी काळातील तेथील महसुली कागदांत म्हणूनच फसली सन येतो. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी असतात. हे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. परिणामी वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस 590 व त्यापुढील तारखेस 591 मिळवावे, तेव्हा इसवी सन लाभतो. फसली 1357 चा आरंभ 1947 च्या ऑक्टोबरात झाला, आणि 17 सप्टेंबर 1948 हा दिवसही त्याच वर्षात पडला. महिना न देता नुसते ‘फसली 1357’ लिहिलेली जन्मनोंद त्यामुळे 1947 ची की 1948 ची, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

ठरावीक संख्या मिळविण्याची सवय अन्यत्रही फसविते. पेशवे दप्तरातील शुहूर सन मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी बदले. तेथे 599 वा 600 मिळवावे लागतात. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, व तिचा शुहूर सन 1161. हैदराबादी फसलीचा नियम या कागदांना लावल्यास वर्ष तर चुकतेच, शिवाय वर्षारंभही चार महिन्यांनी सरकतो.

हाच दोष यंत्राच्या भाषेत पुढे निराळ्या रूपाने आला. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोबोलमध्ये कचेऱ्यांचे हिशेब मोठ्या प्रमाणावर लिहिले गेले. 1974 च्या प्रमाणित आवृत्तीत यंत्राकडून आजची तारीख मागितली असता ती वर्ष, महिना व दिवस अशा सहा अंकांत मिळे. शतकाला जागाच नव्हती. स्मरणसाठा महाग असताना दोन अंक वाचविणे गैर नव्हते, हे येथे मान्य करावयास हवे. पुढे 2000 साल जवळ आले तेव्हा अनेक कार्यक्रमांत एक सीमा कल्पिली गेली : 50 हून लहान अंक एकविसाव्या शतकाचे, बाकीचे विसाव्याचे. अशा सीमेपुढे 1948 चा जन्म ‘48’ म्हणून आला की तो 2048 चा ठरतो!

यावर योजलेला उपाय मात्र जुन्या ज्योतिषग्रंथांना परिचित होता. 1989 च्या पुरवणीने कोबोलला तारखेचे एकाच पूर्णांकात रूपांतर करणारी क्रिया दिली; 1 जानेवारी 1601 हा तिचा पहिला दिवस होय. तो सोमवार असल्याने त्या अंकास 7 ने भागून उरलेल्या बाकीवरून वारही कळतो. आपल्या परंपरेत यास अहर्गण म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघवा’त शके 1442 (इ. स. 1520) पासून 4016 दिवसांची चक्रे मोजली, ती मोठ्या संख्यांची गुंतागुंत टाळण्यासाठीच.

परंतु ही क्रिया ग्रेगोरियन तारीखच स्वीकारते. फसली तारीख प्रथम कोष्टकावरून बदलून घ्यावी लागते, आणि ते कोष्टक कोणत्या वर्षारंभाचे आहे, हे माणसानेच ठरवावयाचे असते. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन कागद तपासावयास घेतले, तेव्हा जुन्या नोंदी कुटुंबांच्या हक्काचा आधार झाल्या. अशा नोंदी यंत्रात भरताना मूळ फसली आकडा व रूपांतरित तारीख यांना स्वतंत्र जागा असाव्यात, आणि महिना नसल्यास 1947–48 अशी दोन्ही वर्षे लिहावीत.