रबरी कापडाची अर्धी दुरुस्ती
ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवलं, दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर दिला आणि पावसाला दाद न देणारं कापड तयार केलं. उन्हाळ्यात ते चिकट होई, हिवाळ्यात ताठ. पुढे 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधकासोबत रबर तापवण्याची युक्ती सापडली आणि दोन्ही तक्रारी मिटल्या, अशी रूढ कथा आहे. ती अर्धीच खरी आहे. उन्हात रबराचे लांबलचक रेणू एकमेकांवरून घसरतात; गंधक त्यांना जागोजागी टाके घालून बांधतो. थंडीतला प्रश्न नेमका उलटा, तिथे रेणूंची हालचालच थांबत जाते, आणि टाके घालून कोणी हलतं होत नाही. नैसर्गिक रबर काचेसारखं ठिसूळ होतं ते उणे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे ध्रुवाकडेही ते निभावेल असं वाटतं. पण उणे 25 च्या सुमारास ते बराच काळ पडून राहिलं तर रेणू रांगेत बसून स्फटिक बनतात आणि कापड ताठरतं. गंधकाने ही क्रिया मंदावते, हा लाभ मोठाच. तरी अशा ताठरलेल्या कापडाची घडी उलगडताना रबराचा थर तडकण्याची भीती उरते. कापडाचं सूत शाबूत राहतं, पाणी मात्र आत शिरतं.

यावर कोणी पीटर हॅल्केटच्या होडीचा दाखला देईल. ब्रिटिश नौदलातल्या या अधिकाऱ्याने मॅकिंटॉश कापडाची, फुगवून वापरायची होडी बनवली आणि जॉन रे यांनी ती 1846 च्या आर्क्टिक मोहिमेत वापरलीही. दाखला खरा आहे. पण होडी चालते ती न गोठलेल्या पाण्यात, आणि असं पाणी शून्याखाली फारसं जात नाही. खऱ्या हिवाळ्याची परीक्षा तिथे झालीच नाही. अंगावर घालायच्या कपड्यांत स्कॉट, शॅकल्टन आणि अमुंडसेन या ध्रुवीय प्रवाशांनी बर्बेरीचं गॅबर्डीन नेलं. त्याला रबराचा थर नाही, दाट विणीमुळे वारा अडतो. या निवडीचं एक कारण घाम होतं, हे मान्य करायला हवं: रबर बाहेरचं पाणी अडवतं तसं आतलंही कोंडतं. अल्यूशियन बेटांवरचे उनांगन लोक तर सागरी प्राण्यांच्या आतड्यांचे अंगरखे शिवत. वाळलं की आतडंही ठिसूळ होतं; म्हणून हाताळण्याआधी ते ओलावून घेत. टिकाऊपणा वस्तूइतकाच वापरणाऱ्याच्या रीतीतही असतो, हे त्यांना गुडइयरच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

विसाव्या शतकात आलेलं निओप्रीन हे कृत्रिम रबर तेलाला पुरून उरलं, थंडीत मात्र नैसर्गिक रबराहून लवकर ताठरलं. सिलिकॉन खूप खाली लवचीक राहतं, पण महाग आणि पटकन फाटणारं. म्हणून हिमालयात ताडपत्री नेणाऱ्याने दुकानात नुसती जाडी विचारू नये. ती उणे किती अंशांवर न तडकता दुमडते, हे आधी विचारावं.