खरे उत्तर आणि जुळणारे उत्तर : ‘मॅच गेम’च्या इतिहासाचा एक विचार

प्रश्नोत्तरांच्या खेळात उत्तर बरोबर की चूक हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. निवेदकाच्या हातात पत्रिका असते, पत्रिकेवर उत्तर असते आणि त्या उत्तरामागे कोणत्या तरी कोशाचा आधार असतो, असे गृहीत धरलेले असते. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९५० नंतरच्या दशकात या गृहीतकाला जबर तडा गेला. त्यानंतर तेथे जे खेळ लोकप्रिय झाले, त्यांपैकी काहींनी उत्तराचे प्रामाण्य कोशातून काढून माणसांच्या तोंडी दिले. ‘मॅच गेम’ हा त्यांतील एक अत्यंत गाजलेला खेळ. एखादे अपुरे वाक्य समोर बसलेल्या नामवंत व्यक्ती कोणत्या शब्दाने पुरे करतील, याचा अंदाज बांधून स्पर्धकाने तोच शब्द सांगायचा. जुळला तर गुण मिळायचे. या साध्या खेळाच्या वाटचालीत ‘बरोबर’ या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या बदलाची पार्श्वभूमी १९५५ ते १९६० या पाच वर्षांत घडली. जून १९५५ मध्ये ‘सीबीएस’ या वाहिनीवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला आणि सामान्य माणसाच्या असामान्य माहितीचे कौतुक हा घरोघरचा विषय झाला. पुढील वर्षी ‘एनबीसी’वर ‘ट्वेंटी-वन’ आला. या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेम्पेल नावाच्या स्पर्धकाला एका टप्प्यावर हरण्याची सूचना देण्यात आली. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार कोणत्या चित्रपटाला मिळाला, या प्रश्नाचे उत्तर ‘मार्टी’ हे आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही त्याने दुसऱ्याच चित्रपटाचे नाव घ्यावे असे ठरले होते आणि त्याने ते घेतले. त्याच्या जागी आलेले चार्ल्स व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते आणि विख्यात कवी मार्क व्हॅन डोरेन यांचे चिरंजीव होते. त्यांनी १,२९,००० डॉलर जिंकले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे त्यांनी आपल्याला प्रश्नोत्तरे आधीच दिली जात होती, अशी कबुली दिली. पुढच्याच वर्षी दळणवळणविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धिक ज्ञानाच्या वा कौशल्याच्या प्रसारित स्पर्धेत कोणालाही गुप्तपणे साह्य करणे हा गुन्हा ठरला.

या प्रकरणाचा नैतिक अर्थ पुष्कळदा सांगितला गेला आहे. त्याचा ज्ञानविषयक अर्थ मात्र तितकासा पाहिला गेलेला नाही. ज्या स्पर्धेत उत्तर आधीपासून अस्तित्वात असते, तिच्यात ते चोरता येते. स्टेम्पेलच्या बाबतीत तर ज्ञान असूनही ते झाकून ठेवण्याची सक्ती झाली. प्रेक्षकांच्या दृष्टीने पाहिले तर ज्ञान आणि ज्ञानाचा अभिनय यांतील भेद पडद्यावर ओळखता येत नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केले. अशा वेळी ज्या खेळात उत्तर आधी ठरलेलेच नसते, त्याला एक वेगळी नैतिक सोय प्राप्त होते.

अर्थात, ‘मॅच गेम’ हा या घोटाळ्याचा सरळ परिणाम होता असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याची निर्मिती करणाऱ्या मार्क गुडसन आणि बिल टॉडमन यांच्या संस्थेचा ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम १९५० पासूनच चालू होता. त्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेले नामवंत परीक्षक अनोळखी आवाजात बोलणाऱ्या एखाद्या प्रसिद्ध पाहुण्याला ओळखत. तेथे नामवंत हे अंदाज करणारे होते. ३१ डिसेंबर १९६२ रोजी ‘एनबीसी’वर ‘मॅच गेम’ सुरू झाला, तेव्हा या नात्याची उलटापालट होऊ लागली. एका नामवंताचा आणि दोन सामान्य स्पर्धकांचा असे दोन संघ असत. जीन रेबर्न हे निवेदक होते. मफिनचा एखादा प्रकार लिहा, अशा अगदी निरुपद्रवी प्रश्नांवर संघातील तिघांनी एकमेकांशी जुळणारे उत्तर लिहायचे असे. हा मिळमिळीतपणा खेळाला मारक ठरला आणि कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हा ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकाचे लेखक डिक डीबार्टोलो यांनी थोडे चावट, द्व्यर्थी प्रश्न लिहिण्याची कल्पना मांडली. प्रेक्षकसंख्या वाढली, निर्णय फिरला आणि हा पहिला अवतार सप्टेंबर १९६९ पर्यंत टिकला.

खेळाचे परिपक्व रूप २ जुलै १९७३ रोजी ‘सीबीएस’वर ‘मॅच गेम ७३’ या नावाने अवतरले. नावातील आकडा दर वर्षी बदलत असे. आता दोन स्पर्धक आणि दोन ओळींत बसलेले सहा नामवंत अशी मांडणी होती. रेबर्न लांब दांड्याचा सडपातळ मायक्रोफोन हाती घेऊन रिकाम्या जागेचे वाक्य वाचीत. नामवंत आपली उत्तरे पत्रिकांवर लिहीत. नंतर स्पर्धक आपले उत्तर सांगे आणि पत्रिका एकेक करून उघडल्या जात. ब्रेट सोमर्स, चार्ल्स नेल्सन रायली आणि रिचर्ड डॉसन हे त्रिकूट दीर्घकाळ कायम राहिले. उरलेल्या जागांवर अभिनेते आणि विनोदवीर पाळीपाळीने येत.

या खेळाचे तर्कशास्त्र समजून घेण्यासाठी दोन अर्थशास्त्रज्ञांचे साह्य होते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भांडवल बाजाराची तुलना वृत्तपत्रातील एका स्पर्धेशी केली होती. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. पण बक्षीस त्याला, ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी अधिकात अधिक मिळेल. अशा स्पर्धेत स्वतःला कोणता चेहरा सुंदर वाटतो याला काही किंमत उरत नाही. इतरांना काय वाटेल, आणि इतरांना काय वाटेल असे इतरांना वाटेल, ही साखळी सुरू होते. ‘मॅच गेम’मध्ये ही साखळी आहेच, तथापि केन्स यांच्या स्पर्धेतील माणसे परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत, तर येथे नामवंत हा स्पर्धकाला साह्य करू पाहतो. म्हणून १९६० साली टॉमस शेलिंग यांनी मांडलेली संकेतबिंदूची कल्पना अधिक लागू पडते. एकमेकांशी बोलता न येणाऱ्या दोन व्यक्तींना न्यूयॉर्क शहरात भेटायचे असेल तर त्या कोठे आणि केव्हा जातील, असा प्रश्न शेलिंग यांनी विचारला होता. ग्रँड सेंट्रल स्थानकाचा चौकशी कक्ष आणि दुपारचे बारा, हे उत्तर अनेकांना परस्पर सुचले. ते उत्तर खरेही नाही आणि खोटेही नाही. ते केवळ दोघांना ठाऊक असलेल्या जगाचे आहे.

‘मॅच गेम’मधील रिकामी जागा हा असाच भेटीचा चौक होता. स्पर्धकाला त्यासाठी दोन प्रकारची माहिती लागे. एक म्हणजे भाषेतील रूढ जोड्या, त्या काळचे चावट संकेत, वाक्यात वारंवार येणारी ‘डम्ब डोरा’सारखी ठरीव पात्रे. दुसरी म्हणजे समोरच्या सहा माणसांचे स्वभाव. रायली हे जुळण्यापेक्षा हशा मिळवण्याकडे झुकत. डॉसन हे मन लावून खेळत आणि स्पर्धक काय म्हणेल याचाच विचार करीत. पडद्यावरील व्यक्तींशी प्रेक्षकाचा झालेला एकतर्फी परिचय हेच येथे भांडवल होते. घरी बसून दररोज कार्यक्रम पाहणारी गृहिणी या विषयात पदवीधराहून अधिक ‘विद्वान’ असू शकत होती. घोटाळ्यानंतरच्या दूरचित्रवाणीने ज्ञानाचे हे जे लोकशाहीकरण केले, त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

त्याची किंमतही मात्र ध्यानात घेतली पाहिजे. भारतीय वाङ्मयपरंपरेत अपुरे पूर्ण करण्याचा एक प्राचीन खेळ आहे, तो म्हणजे समस्यापूर्ती. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त राजसभेतील कवींपुढे श्लोकाचा चरण टाकला जातो आणि उरलेले चरण कवी रचतात. तेथे इतर कोणालाही न सुचलेली पूर्ती हीच श्रेष्ठ ठरते. ‘मॅच गेम’मध्ये सर्वांना सुचणारी पूर्ती श्रेष्ठ ठरते. रिकामी जागा तीच. एकीकडे ती प्रतिभेला आव्हान देते, दुसरीकडे रूढीची उजळणी करून घेते. हुशार स्पर्धकाला आपले अधिक चांगले उत्तर गिळून अधिक सामान्य उत्तर द्यावे लागे. स्टेम्पेलला जे गुप्त सूचनेने करावे लागले, त्याचे एक निर्दोष रूप येथे खेळाच्या नियमातच सामावले होते.

याच काळातील ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’ (१९६६-१९८०) या खेळाशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे नऊ नामवंत फुली-गोळ्याच्या चौकटींत बसत. नामवंताने दिलेले उत्तर खरे की थाप, हे स्पर्धकाने ओळखायचे असे. म्हणजे तेथे पत्रिकेवरचे खरे उत्तर शिल्लक होते. परंतु थापा रंजक व्हाव्यात म्हणून काही नामवंतांशी प्रश्नांची क्षेत्रे आणि संभाव्य फसवी उत्तरे यांची आधी चर्चा केली जाई, आणि तसे प्रेक्षकांना कार्यक्रमात उघडपणे सांगितले जाई. जेथे खरे उत्तर आहे तेथे खुलाशाची गरज भासते, हे लक्षणीय आहे.

‘मॅच गेम’चा अखेरचा टप्पा सर्वांत अर्थपूर्ण होता. विजेत्याला एक छोटा शब्दसमूह दिला जाई आणि पूर्वीच्या प्रेक्षकवर्गाने तो कसा पुरा केला हे ओळखायला सांगितले जाई. सर्वाधिक दिल्या गेलेल्या उत्तराला ५०० डॉलर, त्याखालोखाल २५० आणि १००. मग एका नामवंताची निवड करून त्याच्याशी तंतोतंत जुळणी झाल्यास रक्कम दसपट होई. स्पर्धक बहुधा डॉसन यांनाच निवडीत. म्हणून १९७८ मध्ये निवडीचा हक्क काढून घेऊन एक फिरते चक्र आणण्यात आले. त्याच वर्षी डॉसन कार्यक्रम सोडून गेले. तोवर प्रेक्षकमताच्या या तुकड्यातून त्याच संस्थेने १२ जुलै १९७६ रोजी ‘एबीसी’वर ‘फॅमिली फ्यूड’ हा स्वतंत्र खेळ उभा केला होता आणि डॉसन त्याचे निवेदक झाले होते. तेथे नामवंत उरलेच नाहीत. शंभर सामान्य माणसांच्या पाहणीतील संख्या हेच प्रमाण ठरले. न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर आप्ताचा शब्द हे प्रमाण मानले जाते, कारण आप्त हा विषय जाणणारा आणि खरे सांगणारा असतो. ‘मॅच गेम’ने आप्ताच्या जागी परिचिताला बसवले, ‘फॅमिली फ्यूड’ने परिचिताच्या जागी बहुसंख्येला.

मूळ खेळ ‘सीबीएस’वर एप्रिल १९७९ मध्ये संपला आणि अन्य केंद्रांमार्फत १९८२ पर्यंत चालला. ब्रिटनमध्ये ‘ब्लँकेटी ब्लँक’ या नावाने बीबीसीने जानेवारी १९७९ मध्ये तो टेरी वोगन यांच्या निवेदनाने सुरू केला. तेथील चेकबुक आणि पेन हे सांत्वनपर बक्षीस स्वतःच एक विनोद झाले. अमेरिकेत २०१६ ते २०२१ या काळात ॲलेक बाल्डविन यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले.

भारतात ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ने खरे उत्तर पुन्हा सिंहासनावर बसवले. त्यातही अडलेल्या स्पर्धकाला सभागृहातील प्रेक्षकांचे मत घेण्याची मुभा होती. परंतु ते मत केवळ साह्य होते. सभागृहाचा मोठा हिस्सा एका पर्यायाकडे झुकला, तरी तो पर्याय चूक ठरू शकत होता आणि कधी कधी ठरतही असे. बहुमत आणि सत्य यांमध्ये राहिलेले हे अंतर ‘मॅच गेम’च्या परंपरेत मिटले होते. केवळ खेळ म्हणून ते मिटण्यात हानी नाही. उलट, सर्वांना सुचणारा शब्द सापडण्यातला आनंद हा सहवासाचा निर्मळ आनंद आहे. मात्र इतरांना काय वाटते याचे अचूक ज्ञान हेच एकमेव ज्ञान, अशी सवय खेळाबाहेर पडली तर ‘मार्टी’ हे उत्तर ठाऊक असूनही दुसरे नाव घेण्यासाठी कोणा निर्मात्याच्या सूचनेची गरज उरणार नाही.