टेलिफोनची तार आणि ऐकणारे कान



गुरुजींच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानात इतिहासाच्या शिक्षकाने बहामनी राजवट किंवा महमूद गवानचा मदरसा असा विषय घ्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. बिदरात विषयांना तोटा नाही. तथापि गेल्या वर्षी मी घरचा टेलिफोन परत केला, तेव्हा यंत्र ताब्यात घेणारे गृहस्थ म्हणाले, “सर, आता कोण ठेवतो हे?” त्या प्रश्नाने मला आजचा विषय दिला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानातील जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके म्हैसूर राज्यात आले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. तिकडे गुलबर्गा जिल्ह्यात आळंदचेही तेच. सोयरे अक्कलकोट-सोलापूरकडे, कचेरी मात्र गुलबर्ग्यास. लेकी-सुनांची घरे आणि जमिनी एका रात्रीत परराज्यात गेल्या. हे अंतर पुढे टेलिफोनने थोडे कमी केले.

पण तो टेलिफोन खाजगी कधीच नव्हता. ट्रंककॉल लावायचा तर ऑपरेटरला नाव, गाव सांगावे लागे, आणि मनात आणले तर तो सर्व ऐकू शके. आमच्या गल्लीत एका अडत्याच्या दुकानी टेलिफोन होता. अर्धी गल्ली आपल्या पत्रांवर त्याचा क्रमांक ‘पी.पी.’ म्हणून लिहीत असे. निरोप आला की दुकानातील पोरगा धावत बोलावयास येई. गुरुजींच्या बहिणीच्या आजारपणाची वार्ता उदगीरहून तेथेच आली. गुरुजी बोलत होते आणि पोत्यांवर बसलेली सात-आठ माणसे ऐकत होती. अन्य प्रांतात माणूस भाषा बदलून आपले गुपित राखतो. आमच्याकडे तीही सोय नाही. मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही सर्वांनाच कळतात! मात्र कोण ऐकत आहे, हे गुरुजींना समोर दिसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतील दोघे त्यांच्याबरोबर उदगीरला गेले.

1986 साली सी-डॉटचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज कर्नाटकातच, कित्तूर येथे, प्रथम बसले. ऑपरेटर मागे पडला, एस.टी.डी.ची पिवळी दुकाने आली आणि पाव दरासाठी लोक रात्री अकरानंतर रांगा लावू लागले. आमच्या घरी टेलिफोन 1992 साली आला, त्यावर आईने विणलेले झाकण होते.

माणसाचा कान गेला, तरी सरकारचा कान होताच. 1885 च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने तो अधिकार दिलेला होता. टेलिफोन चोरून ऐकल्याच्या आरोपांवरून कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना ऑगस्ट 1988 मध्ये राजीनामा द्यावा लागला. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, असे ऐकणे हे खाजगीपणावरील आक्रमण आहे, असे ठरवून त्यास कार्यपद्धतीचे बंधन घातले. म्हणजे ऐकणाऱ्याला निदान लेखी आदेश दाखवावा लागे.

मोबाईल देशात 1995 मध्ये आला. 2003 मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि तारेचे दिवस भरले. 2006 च्या सुमारास देशात सुमारे पाच कोटी स्थिर जोडण्या होत्या. 2020 पर्यंत त्या दोन कोटींवर आल्या. पुढे आंतरजालाच्या नव्या तंतूंमुळे आकडा वाढला, पण त्या तारेवर बोलण्याचे काम फारसे होत नाही.

मोबाईल कंपन्यांचे परवाने राज्यनिहाय असल्याने 1956 ची रेषा येथेही उमटली. कमलनगर ओलांडून उदगीरकडे निघाले की खिशात यंत्र वाजे आणि महाराष्ट्रात स्वागत असल्याचा संदेश येई. पुष्कळ वर्षे त्याबरोबर रोमिंगचा भुर्दंडही असे. आम्ही भुर्दंडाविषयी कुरकुर केली, परंतु आम्ही सीमा ओलांडली हे यंत्राला कोणी सांगितले, असे कोणी विचारले नाही.

सांगितले यंत्रानेच. आपण बोललो नाही तरी ते जवळच्या मनोऱ्याशी संधान ठेवते, ठराविक वेळाने आपला ठावठिकाणा कळवते. आजच्या यंत्रातील अनेक ॲप आपली जागा, संपर्कवही, वापराच्या वेळा दूरच्या संगणकांकडे पाठवतात. आपण एकदा ‘संमती’वर बोट ठेवलेले असते. पोत्यांवर बसलेले श्रोते आता दिसत नाहीत, एवढाच फरक आहे असे माझा मुलगा म्हणतो. मला तो फरक लहान वाटत नाही.

येथे माझी अडचण कबूल करतो. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा नोंदींचा मोह होतो. 1948 मध्ये सीमेकडील छावण्यांत कोण गेले, 1956 नंतर कोण कोणाला भेटले, हे सांगणारी एक वही मिळाली असती तर मी वर्षभर तिच्यावर बसलो असतो. परंतु ती वही निजामाच्या पोलिसांकडे असती तर? गुरुजी आम्हांला कागद हाती देताना आधी विचारीत, “हा कोणाच्या दप्तरातला?”

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. अर्जदार कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी होते. 2023 मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला; त्याच कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही ठेवली. तो वाचताना मी समासात गुरुजींचाच प्रश्न लिहून ठेवला आहे. परत केलेल्या टेलिफोनचे झाकण अद्याप घरी आहे.